भाषा आणि मनाच्या कॉन्फरन्सला पेपर पाठवताय? खान्देशातल्या पोरापोरींसाठी पहिल्यापासून शेवटपर्यंतचा क्रम

दर सीझनला तेच. जळगाव, धुळे, शिरपूर, नंदुरबारकडचं कोणीतरी मेसेज करतं की ॲबस्ट्रॅक्ट (पेपरचा छोटा सारांश) पाठवलं होतं, रिजेक्ट झालं, काय चुकलं ते सांगा. उघडून बघावं तर पहिल्या ओळीत "भाषा हे मानवी संवादाचे प्रभावी साधन आहे", शेवटच्या ओळीत "या विषयावर अधिक संशोधन होणे गरजेचे आहे" आणि मधल्या जागेत अहिराणीचं कौतुक. प्रश्न नाही, डेटा नाही. पोरं हुशार असतात, गडबड क्रमाची असते. आधी कॉन्फरन्स सापडते, मग फी भरली जाते, मग शीर्षक सुचतं, आणि काम करायचं तेवढं राहून जातं.

म्हणून खाली सगळं कामाच्या क्रमाने लिहिलंय. उदाहरण शेवटपर्यंत एकच धरलंय, अहिराणी आणि मराठी दोन्ही बोलणाऱ्या लोकांना चित्रं दाखवून नावं विचारायचा छोटा प्रयोग. तुमच्या घरची बोली लेवा गणबोली असो, पावरी असो की भिली, पायऱ्या याच. कॉन्फरन्सच्या तारखेच्या निदान आठ-नऊ महिने आधी सुरुवात करा, कारण ॲबस्ट्रॅक्टची डेडलाइनच बऱ्याचदा चार-पाच महिने आधी असते आणि तोवर डेटा हातात पाहिजे.

१. कॉन्फरन्स कुठली, ते आधी नीट बघा

आपल्याकडे कॉलेजात जे "राष्ट्रीय चर्चासत्र" होतं त्याची सवय डोक्यातून काढा. तिथे निबंध चालतो. भाषा आणि मनाच्या कॉन्फरन्सला, म्हणजे मेंदू वाक्य कसं समजतो, शब्द कसा आठवतो, मूल भाषा कसं शिकतं, दोन भाषा एकाच डोक्यात कशा नांदतात असल्या विषयांच्या कॉन्फरन्सला, मोजून काढलेलं उत्तर लागतं. नमुना म्हणून युरोपातली एएमलॅप बघा, ती १९९५ पासून भरते, आणि अमेरिकेतली सीयूएनवाय, जी १९८८ पासून चालू आहे आणि आता एचएसपी नावाने भरते. एएमलॅपची आशियातली आवृत्ती २०१८ मध्ये हैदराबादला झाली होती. आपल्या देशात असोसिएशन फॉर कॉग्निटिव्ह सायन्सची वार्षिक परिषद असते. शिवाय अलाहाबाद विद्यापीठाचं बिहेवियरल अँड कॉग्निटिव्ह सायन्सेसचं सेंटर, आयआयटी गांधीनगर, आयआयटी कानपूर, पुण्याचं डेक्कन कॉलेज, म्हैसूरची सीआयआयएल (भारतीय भाषांची केंद्रीय संस्था) यांच्या साइटवर अधूनमधून नजर टाकत राहा.

कॉन्फरन्स निवडली की लगेच काही लिहायला बसू नका. मागच्या दोन-तीन वर्षांची प्रोग्राम बुकलेट डाउनलोड करा आणि स्वीकारलेले ॲबस्ट्रॅक्ट वाचून काढा. एक संध्याकाळ जाते, पण लांबी किती, टेबल कुठे टाकतात, आकडे किती देतात हे सगळं कळतं. ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात.

सावधान: व्हॉट्सॲपवर जी जाहिरात फिरते, "कॉमर्स, होम सायन्स, भाषा, मानसशास्त्र, ग्रंथालयशास्त्र सर्व विषयांचे पेपर स्वीकारले जातील, दोन दिवसांत ॲक्सेप्टन्स, सर्टिफिकेटसह प्रकाशन", तिच्यापासून लांब राहा. दोन दिवसांत कोणी रिव्ह्यू, म्हणजे जाणकारांकडून तपासणी, करत नसतं. "यूजीसी केअर लिस्टेड जर्नलमध्ये छापू" असं आजही सांगणारे आहेत, पण ती मान्यताप्राप्त जर्नलची यादी यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे त्या नावावर पैसे मागणारा माणूस एकतर झोपलेला आहे किंवा तुम्हाला झोपलेलं समजतो.

२. विषय सोडा, प्रश्न धरा

"अहिराणी भाषा आणि मानवी मन: एक अभ्यास" हा प्रश्न नाही. त्याचं उत्तर हो किंवा नाही येऊच शकत नाही. प्रश्न असा हवा की उत्तर तुमच्या मनाविरुद्धही जाऊ शकेल.

आपलं उदाहरण घ्या. दोन भाषा बोलणारा माणूस चित्राचं नाव सांगतो तेव्हा दोन्ही भाषांत सारखा असणारा शब्द त्याला लवकर सुचतो, वेगळा असेल तर जरा उशिरा, हे स्पॅनिश-कॅटलान बोलणाऱ्यांवर २००० साली दाखवलं गेलंय. आता तुमचा प्रश्न: अहिराणी आणि मराठी इतक्या जवळच्या आहेत की बहुतेक शब्द सारखेच, मग इथेही तो फरक दिसतो का? आणि शाळा पूर्ण मराठीत झालेल्यांमध्ये आणि शाळा अर्धवट सुटलेल्यांमध्ये तो सारखाच दिसतो का? बस. दोन ओळी. याच्या पुढे तिसरा प्रश्न जोडायचा मोह आवरा. गाइड म्हणतील "यात लोकगीतांचा संदर्भ पण घ्या", तर मान हलवा आणि घेऊ नका.

चेक: प्रश्न तुमच्या विषयाबाहेरच्या मित्राला एका वाक्यात सांगा. त्याने "मग उत्तर काय आलं?" विचारलं तर प्रश्न जमला. "छान विषय आहे" म्हणाला तर परत बसा.

३. परवानगी डेटाच्या आधी, नंतर नाही

माणसांकडून डेटा घ्यायचा तर संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये सामाजिक आणि वर्तनविषयक संशोधनाचाही भाग आहे, त्यामुळे "आम्ही काय रक्त काढतोय का" हा युक्तिवाद चालत नाही. तुमच्या कॉलेजात कमिटीच नसेल तर विद्यापीठाच्या विभागात किंवा सहगाइडच्या संस्थेत विचारा. यात दीड-दोन महिने सहज जातात म्हणून ही पायरी इतकी वर ठेवलीय. डेटा घेतल्यावर मागच्या तारखेची मंजुरी मिळत नाही, आणि कोणी देत असेल तर घेऊ नका.

संमतीपत्र शुद्ध पुस्तकी मराठीत लिहून त्यावर अंगठा घेणं म्हणजे संमती नव्हे. वाचता न येणाऱ्याला अहिराणीत तोंडी समजावायचं, साक्षीदार ठेवायचा, आणि कधीही उठून जायची मुभा आहे हे खरंच सांगायचं. लहान मुलं असतील तर आईबापांची संमती आणि सात वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकारही. शाळेच्या मुख्याध्यापकांची सही म्हणजे पालकांची संमती, असं समजणारे बरेच आहेत. तसं नाहीये.

४. माणसं निवडताना होणारा घोळ

इथे जरा रेंगाळतो, कारण खान्देशातला डेटा सगळ्यात जास्त इथेच बिघडतो.

फॉर्मवर "मातृभाषा" असा कॉलम ठेवला की अमळनेरचा, साक्रीचा, पारोळ्याचा पोरगा डोळे झाकून "मराठी" लिहितो. घरी पूर्ण अहिराणी चालते, पण कॉलेजच्या कागदावर अहिराणी लिहायची असते हे त्याच्या डोक्यातच नसतं, काहींना तर लाजही वाटते. मग तुम्ही त्याला एकभाषिक मराठी गटात टाकता आणि सगळी तुलना पाण्यात. तो कॉलम काढून टाका. त्याऐवजी विचारा: आजीशी कशात बोलता? शेतात मजुरांशी? राग आला की तोंडातून काय निघतं? बायकोशी, पोरांशी? मास्तरांशी? रोज साधारण किती वेळ कुठली भाषा? लीप-क्यू नावाची भाषा-अनुभवाची प्रश्नावली २००७ पासून जगभर वापरात आहे, तिचा साचा घ्या पण प्रश्न आपल्याकडच्या जगण्याला बसवून घ्या.

दुसरं, "खान्देश म्हणजे अहिराणी" असं धरून चालू नका. भुसावळ, यावल, रावेरकडे लेवा बोलणारे भेटतील, नंदुरबारच्या डोंगराकडे गेलात की भिली, पावरी, मावची. धुळ्याची अहिराणी आणि चाळीसगावकडची अहिराणी यातही फरक आहे. सगळ्यांना एका पिशवीत भरलं तर रिव्ह्यूअरला कळणार नाही कदाचित, पण तुमच्या आकड्यांना कळतं, सगळं पसरट येतं. तालुका ठरवा, शक्य तर चार-पाच गावं ठरवा.

तिसरं, प्रयोग घेणारा कोण? कॉलेजचं आयकार्ड गळ्यात घालून तुम्ही गेलात आणि "नमस्कार, आपण इथे बसा" म्हणालात की समोरची मावशी लगेच मराठीवर येते आणि पुढचा तासभर तिथेच राहते. अहिराणीचा भाग अहिराणीतच सुरू करायचा. गावातलंच बोलणारं माणूस शेजारी बसवा, आधी पाच-दहा मिनिटं कापसाच्या भावावर, लेकीच्या लग्नावर गप्पा होऊ द्या. हे टाइमपास नाही, हा पद्धतीचाच भाग आहे आणि ॲबस्ट्रॅक्टमध्ये एका वाक्यात लिहायचाही आहे.

आणि वेळापत्रक शेतीचं बघून करा. ऑक्टोबर ते डिसेंबर कापूस वेचणी, तेव्हा दिवसा घरात कोणी सापडत नाही. एप्रिल-मे लगीनसराई, शिवाय जळगावचं ऊन. त्यातल्या त्यात जानेवारी-फेब्रुवारी बरे, नाहीतर रोजच संध्याकाळी सातनंतर.

किती माणसं? रिॲक्शन टाइमच्या, म्हणजे उत्तर द्यायला किती वेळ लागला ते मोजायच्या प्रयोगासाठी २०१८ मध्ये दोन संशोधकांनी सांगितलेला ठोकताळा हल्ली सगळीकडे चालतो: एका प्रकाराला निदान १६०० नोंदी. प्रत्येक प्रकारची ४० चित्रं आणि ४० माणसं असतील तर १६०० होतात. वेगळ्या शब्दांची चित्रं २० च सापडली तर माणसं ८० करा. "१२ विद्यार्थ्यांवर प्रयोग केला" याला आता कोणी उभं करत नाही.

५. मटेरियल: चित्रं, शब्द आणि फॉन्टची भानगड

पहिली चूक, अहिराणी वाचायला देणं. अहिराणी लोक बोलतात, ऐकतात. छापलेली अहिराणी रोज वाचणारे किती? स्क्रीनवर अहिराणी वाक्य टाकून वाचायचा वेग मोजला तर तुम्ही भाषा मोजत नाही, अनोळखी स्पेलिंगशी चाललेली झटापट मोजता. म्हणून चित्र किंवा आवाज वापरा.

चित्रांचा जुना प्रसिद्ध संच १९८० चा आहे, २६० रेखाचित्रांचा, आणि त्यात आर्टिचोक, ॲस्पॅरॅगस, बर्फावरची घसरगाडी असली मंडळी आहेत. शिंदखेड्यात कोण ओळखणार? २०१८ चा मल्टिपिक संच ७५० रंगीत चित्रांचा आणि फुकट आहे, त्यातून आपल्याकडची निवडा. वखर, सूप, केळीचा घड, पाटा-वरवंटा असली चित्रं एकाच हाताने, एकाच शैलीत काढून घ्या. अर्धी चित्रं नेटवरची आणि अर्धी स्वतःची असली तर जो फरक येईल तो चित्राचा की शब्दाचा ते कोणालाच सांगता येणार नाही.

मग प्रयोगात नसलेली वीसेक माणसं बसवून ही चित्रं तपासा. मुलाचं चित्र दाखवलं तर कोणी "पोऱ्या" म्हणतो, कोणी "आंडोर", आणि आंडोर म्हणजे तर कोणाचातरी लेक, चित्रातल्या एकट्या पोराला बघून ते कसं कळणार? नात्याचे शब्द चित्राला जमत नाहीत, काढून टाका. ज्या चित्राला बहुतेकांनी एकच नाव दिलं तेवढीच ठेवा. अहिराणीचा मोठा डिजिटल कॉर्पस (मजकुराचा साठा) हाताशी नसल्याने कुठला शब्द किती वापरात आहे ते मोजता येत नाही, म्हणून याच लोकांकडून "हा शब्द किती ओळखीचा" याला १ ते ७ मार्क घ्या, चित्राच्या गुंतागुंतीलाही तसेच.

मराठी वाक्यं वाचायला देणार असाल तर दोन गोष्टी. एक, सगळं युनिकोडमध्ये टाइप करा. सायबरवाल्याने जुन्या श्रीलिपीत किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली फाइल सायकोपाय किंवा ओपनसेसमी या प्रयोग चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली की स्क्रीनवर चिन्हांची खिचडी दिसते. दोन, शब्दाची लांबी सॉफ्टवेअरला मोजू देऊ नका. "स्त्री" हे डोळ्याला एक अक्षर, पण युनिकोडमध्ये सहा तुकडे: स, हलन्त, त, हलन्त, र, ई. कॉम्प्युटर सहा म्हणेल आणि तुमचे छोटे-मोठे शब्दांचे गट कोसळतील. लांबी अक्षरांत मोजा, हाताने.

चेक: सारख्या शब्दांचा गट आणि वेगळ्या शब्दांचा गट, दोन्हींची ओळखीची सरासरी, अक्षरांची सरासरी आणि चित्राच्या गुंतागुंतीचे मार्क जवळपास सारखे आहेत का? नसतील तर पुढे जाऊ नका, कारण रिव्ह्यूअरचा पहिला प्रश्न हाच असतो.

६. प्रत्यक्ष डेटा घेताना

एका माणसाला दोन्ही भाषांत करायला लावत असाल तर अर्ध्यांना आधी मराठी, अर्ध्यांना आधी अहिराणी. सगळ्यांना आधी मराठी दिली तर दुसऱ्या फेरीत चित्रं ओळखीची झालेली असतात आणि अहिराणी फुकट वेगवान दिसते. चित्रांचा क्रम दर माणसाला बदला. सुरुवातीला आठ-दहा सरावाची चित्रं, ती मोजायची नाहीत.

लॅपटॉपबद्दल: चार्जर लावलेला, बॅटरी सेव्हर बंद, वायफाय बंद, अपडेट बंद. साधी ६० हर्ट्झची स्क्रीन दर १६.७ मिलिसेकंदांनी चित्र बदलते, तुम्ही शोधताय तो फरकच कधीकधी वीस-तीस मिलिसेकंदांचा असतो, त्यामुळे ब्लूटूथ कीबोर्ड आणि ब्लूटूथ हेडफोन तर हातही लावू नका, त्यांचा उशीर वेगळाच. लोडशेडिंगचं वेळापत्रक गावातून आधीच घ्या. अर्ध्यात लाइट गेली आणि स्क्रीन मंद झाली तर त्या माणसाचा डेटा तिथेच सोडा, जोडाजोडी नको.

आवाज रेकॉर्ड करायचा असेल तर पंखा हा मुख्य शत्रू. सीलिंग फॅन बंद केला तर मे महिन्यात माणूस घामाने निथळतो, चालू ठेवला तर आवाज कधी सुरू झाला ते सॉफ्टवेअरला सापडत नाही. उपाय म्हणजे सकाळी लवकर, जाड भिंतीची मातीची किंवा धाब्याची खोली, ओठांजवळ लावायचा कॉलर माइक. आवाज ओळखून वेळ थांबवणाऱ्या यंत्रणेवर पूर्ण विसंबू नका, "अं..." आणि घसा खाकरणंही ती उत्तर म्हणून पकडते. प्रत्येक रेकॉर्डिंग प्राट या आवाज तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून सुरुवात हाताने तपासा. कंटाळवाणं आहे, माहितीय. तरी करा.

सावधान: शेजारी बसलेली सासू उत्तर सांगते. हसू नका, होतंच. खोलीत एका वेळी एकच माणूस, बाकीच्यांना अंगणात चहा.

रोज रात्री डेटाची कॉपी दोन ठिकाणी, आणि फाइलच्या नावात माणसाचं नाव नको, कोड टाका. नाव-कोडची यादी वेगळी, पासवर्डखाली.

७. ॲनालिसिस, थोडक्यात

चुकीची उत्तरं आणि अवास्तव कमी-जास्त वेळा काढायचा नियम डेटा बघायच्या आधी लिहून ठेवा. प्रत्येक माणसाची सरासरी काढून टी-टेस्ट मारली आणि विषय संपला, असं आता चालत नाही. शब्द हेसुद्धा माणसांसारखेच भाषेतून उचललेले नमुने असतात, हे हर्बर्ट क्लार्क यांनी १९७३ मध्येच दाखवून दिलंय. त्यामुळे माणूस आणि चित्र दोन्हींचा चढउतार धरणारं मिक्स्ड मॉडेल लावा, आर या स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरमधल्या एलएमई-फोर पॅकेजने होतं, फुकट आहे, यूट्यूबवर शिकता येतं. जमत नसेल तर स्टॅटिस्टिक्सच्या माणसाला सहलेखक करा, आभारात नाव टाकून फुकट काम करून घेऊ नका.

फरक नाही आला तर? तसंच लिहा. जवळच्या भाषांत हा फरक पुसट होतो हेही उत्तरच आहे, फक्त नोंदी पुरेशा हव्यात.

८. ॲबस्ट्रॅक्ट लिहायचं आता

हो, आता. इतक्या खाली. बऱ्याच ठिकाणी ३०० ते ५०० शब्द मिळतात, त्याशिवाय उदाहरणं आणि आलेखासाठी वेगळी जागा असते. वाटप साधारण असं ठेवा: प्रश्न दोन वाक्यांत, आधी काय माहीत होतं ते तीन वाक्यांत, पद्धत सगळ्यात मोठी, निकाल आकड्यांसकट, शेवटी अर्थ दोन वाक्यांत.

नेहमीची ओळ अशी असते: "अहिराणी भाषिकांच्या मानसिक प्रक्रियांचा सखोल अभ्यास करण्यात आला असून महत्त्वपूर्ण निष्कर्ष प्राप्त झाले आहेत." यातून वाचणाऱ्याला काय कळलं? काही नाही. तीच ओळ अशी हवी: "अमुक इतक्या अहिराणी-मराठी द्विभाषिकांनी अमुक इतकी चित्रं दोन्ही भाषांत ओळखली, सारख्या शब्दांना सरासरी इतके मिलिसेकंद लागले, वेगळ्यांना इतके, आणि हा फरक मराठीत दिसला पण अहिराणीत दिसला नाही." अमुकच्या जागी तुमचे खरे आकडे.

रिव्ह्यूअर कोपनहेगनचा असू शकतो, त्याने अहिराणीचं नावही ऐकलेलं नसतं. एक वाक्य पुरतं: इंडो-आर्यन भाषा, उत्तर महाराष्ट्रात बोलली जाते, २०११ च्या जनगणनेत खान्देशी या नावाखाली सुमारे १८ लाख ६० हजार लोकांची नोंद. कान्हदेशाचा इतिहास, बहिणाबाई, सानेगुरुजी सगळं मनात ठेवा, ॲबस्ट्रॅक्टमध्ये नको.

उदाहरण दिलं तर तीन ओळीत द्यायचं: मूळ, खाली तुकड्यातुकड्याचा अर्थ, खाली भाषांतर. याला लाइपझिग ग्लॉसिंगचे नियम आहेत, नेटवर पीडीएफ मिळते. "त्याने आंबा खाल्ला" मध्ये "ने" वेगळा दाखवायचा, आणि "मी आंबा खाल्ला" मध्ये "मी" ला तो लागत नाही हेही दिसायला हवं. नुसतं भाषांतर टाकलं तर मराठी न येणाऱ्याला तुमचा मुद्दाच कळत नाही.

इंग्रजीची भीती असेल तर आधी सगळं मराठीत लिहा, वाक्य छोटी करा, मग इंग्रजीत उतरवा. मशीनने भाषांतर केलं तर प्रत्येक तांत्रिक शब्द स्वतः तपासा.

९. सबमिट करायच्या आधीचे अर्धा तास

रिव्ह्यू बहुतेक ठिकाणी निनावी असतो. ॲबस्ट्रॅक्टवर नाव नसलं म्हणजे झालं असं नाही. "आमच्या आधीच्या कामात आम्ही दाखवलंय" असं लिहिलं की ओळख उघडी. पद्धतीत विद्यापीठाचं नाव लिहिलं तरी तेच, "पश्चिम भारतातलं विद्यापीठ" लिहा. आणि पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ऑथरचं खानं बघा, तिथे तुमचं, गाइडचं, नाहीतर सायबर कॅफेवाल्याचं नाव बसलेलं असतं. फाइलचं नाव पण बदला, "पाटील_फायनल_फायनल२" नको.

डेडलाइन कुठल्या घड्याळाची ते वाचा. बऱ्याच आंतरराष्ट्रीय कॉन्फरन्स "एनीव्हेअर ऑन अर्थ" लिहितात. त्या हिशोबाने रात्री ११:५९ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५:२९. हे कळल्यावर काही जण दुसऱ्या दिवशी पाच वाजेपर्यंत निवांत बसतात आणि मग नेट जातं. एक दिवस आधी टाका, ईझीचेअरसारख्या सिस्टिमवर डेडलाइनपर्यंत फाइल बदलता येते.

चेक: अपलोड केलेली फाइल परत डाउनलोड करून मोबाइलवर उघडा. देवनागरी फुटलीय का, आलेख दिसतोय का, पानं नियमात आहेत का.

१०. ॲक्सेप्ट झाल्यावर: पैसे आणि तिकीट

ॲक्सेप्टन्सचं मेल आल्याशिवाय फी भरू नका. मेल आलं की त्याच दिवशी विद्यार्थी सवलत, फी माफी, ट्रॅव्हल ग्रँट यांची पानं वाचा, त्यांच्या तारखा वेगळ्या आणि जवळच्या असतात. कॉलेजला अर्जही त्याच आठवड्यात, मंजुरीचं पत्र प्रवासाच्या आधीच्या तारखेचं लागतं.

रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, जुन्या हिशोबाने बसू नका. भुसावळ-जळगावकरांचं बरं आहे, दिल्ली आणि प्रयागराजकडे थेट गाड्या मिळतात. धुळ्याहून आधी चाळीसगाव गाठायचं, नंदुरबारवाल्यांना सुरत-भुसावळ लाइन. दक्षिणेकडे जाताना मनमाडहून पर्याय जास्त आहेत. पोचायचं मात्र आदल्या दिवशी, गाडी लेट होते हे काय तुम्हाला सांगायला नको. परदेशात असेल तर पासपोर्ट-व्हिसाची हालचाल ॲबस्ट्रॅक्ट पाठवल्यापासूनच.

११. पोस्टर किंवा टॉक

पोस्टर मिळालं म्हणून नाराज व्हायचं कारण नाही, उलट पोस्टरपाशी दीड तास लोक येऊन बोलतात. साइज नीट वाचा: ए-झीरो म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. आता आपला फ्लेक्सवाला फुटात बोलतो. हे साधारण पावणेतीन बाय पावणेचार फुटांच्या थोडं वर होतं, आणि तो "तीन बाय चार करून टाकू साहेब" म्हणून चित्र ताणतो, की आलेख रुंद आणि अक्षरं जाडी. ताणू नका म्हणून सांगा, कडेला पांढरं राहू द्या. उभं की आडवं तेही विचारून घ्या. आणि त्याला वर्डची किंवा पॉवरपॉइंटची फाइल देऊ नका. तो कोरलमध्ये उघडतो, तुमचा युनिकोड फॉन्ट त्याच्याकडे नसतो, आणि "क्ष" चे तीन तुकडे होऊन बाहेर येतात. फॉन्ट एम्बेड केलेली पीडीएफ द्या, त्याच्या स्क्रीनवर उघडून प्रत्येक जोडाक्षर बघा, मगच प्रिंट. फ्लेक्सऐवजी जाड कागद किंवा कापडी प्रिंट मिळालं तर चांगलं, फ्लेक्सला घडी पडली की जात नाही. गुंडाळी करून पाइपमध्ये, आणि गाडीत वरच्या बर्थवर.

पोस्टरवर मजकूर कमी. तीन मीटरवरून शीर्षक, एका मीटरवरून निकाल वाचता आला पाहिजे. शीर्षकातच उत्तर लिहा.

टॉक असेल तर बहुतेक वीस मिनिटांत पंधरा बोलायची आणि पाच प्रश्नांची. पंधरा मिनिटांत पंधराच्या वर स्लाइड नको. पहिल्या दोन मिनिटांत प्रश्न यायला हवा, सातव्यापर्यंत निकालाचा आलेख. स्लाइडची पीडीएफ कॉपी पेनड्राइव्हवर, कारण तिथल्या कॉम्प्युटरवर देवनागरी फॉन्ट असेलच असं नाही. अहिराणीची दोन खरी रेकॉर्डिंग ऐकवा, संमती घेतलेली असेल तरच. तालीम घड्याळ लावून, मोठ्याने, घरच्यांसमोर. मनात वाचलेलं नेहमी लवकर संपतं.

"अहिराणी ही मराठीची बोलीच ना?" हा प्रश्न शंभर टक्के येणार. तापू नका. उत्तर दोन वाक्यांचं तयार ठेवा: जनगणनेत खान्देशी स्वतंत्र भाषा म्हणून मोजली जाते, आणि आमच्या प्रयोगाला भाषा की बोली हे ठरवायची गरज नाही कारण आम्ही माणसांच्या डोक्यातले दोन शब्दसाठे तपासले. बसा. गावी येऊन कितीही वाद घाला. प्रश्न कळला नाही तर "परत सांगाल का" म्हणायला काहीच हरकत नाही, तिथे निम्मे लोक तेच करतात. उत्तर येत नसेल तर "हे आम्ही तपासलेलं नाही" एवढं म्हणा आणि वहीत लिहून घ्या, विचारणाऱ्याचं नाव-मेल पण.

१२. परत आल्यावरचा आठवडा

ज्यांनी मेल दिले त्यांना तीन-चार दिवसांत दोन ओळी लिहा, पीडीएफ जोडा. महिना गेला की ते विसरतात. चित्रं, शब्दयादी आणि नावं काढलेला डेटा ओएसएफवर (संशोधनाचा डेटा सगळ्यांसाठी ठेवायची साइट) टाका, पण आवाजाची रेकॉर्डिंग संमतीपत्रात लिहिलेलं असेल तरच, कारण गावातल्या गावात आवाजावरून माणूस लगेच ओळखू येतो. ज्या गावांत डेटा घेतला तिथे जाऊन निकाल अहिराणीत सांगा, पुढच्या वेळी दार उघडं राहतं.

आणि बिलं. तिकिटं, फीची पावती, राहण्याची पावती, हजेरीचं सर्टिफिकेट, मंजुरीच्या पत्राची झेरॉक्स, सगळं एका फाइलला लावून आठवड्याच्या आत ऑफिसात द्या आणि पोच घ्या. पोच म्हणजे शिक्का आणि तारीख, "ठेवा तिथे टेबलावर" नव्हे.